रुग्णालयातल्या सहायकांचे हुद्दे आणि पगार ठरवताना : या चुका टाळा

गुडघा बदललेल्या रुग्णाला पहिल्यांदा पलंगावरून उठवतात, तो क्षण आठवा. फिजिओथेरपिस्ट मॅडम समोर उभ्या राहून सूचना देत असतात. रुग्णाच्या कमरेला पट्ट्यासारखा हात घालून त्याला सावरणारा, वॉकर योग्य उंचीवर लावून देणारा आणि 'आजी, आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय' असं चारचारदा सांगणारा माणूस मात्र दुसराच असतो. पगारपत्रक उघडलं की त्याच्या नावापुढे 'वॉर्डबॉय' लिहिलेलं सापडतं आणि शेजारच्या रकान्यात 'अकुशल'.

पश्चिम महाराष्ट्रातल्या तीन खासगी आणि ट्रस्टच्या रुग्णालयांत मी १७ वर्षं मनुष्यबळ विभाग सांभाळला. डॉक्टर आणि परिचारिका यांच्या पगारावर बैठकांमागून बैठका होतात. फिजिओ, लॅब, एक्स-रे, ओटी (शस्त्रक्रियागृह), डायलिसिस आणि निर्जंतुकीकरण या विभागांतल्या सहायकांचा विषय मात्र बैठकीच्या शेवटी, सगळे उठायच्या बेतात असताना पाच मिनिटांत उरकला जातो. त्या पाच मिनिटांत झालेल्या चुका पुढे दहा वर्षं निस्तराव्या लागतात. त्यातल्या काही मी स्वतः केल्या आहेत.

माझं म्हणणं थोडक्यात असं : आधी काम लिहा, मग श्रेणी ठरवा, पैशांचा आकडा सगळ्यांत शेवटी. बहुतेक ठिकाणी हे उलट्या क्रमानं चालतं. आकडा आधी ठरतो आणि त्यात बसेल असा हुद्दा शोधला जातो.

हुद्द्याच्या नावावरून काम ठरवणं

'हेल्पर', 'अटेंडंट', 'असिस्टंट', 'टेक्निशियन' हे शब्द प्रत्येक रुग्णालयात वेगवेगळ्या अर्थानं वापरले जातात. एका ठिकाणचा ओटी असिस्टंट फक्त ट्रॉली ढकलतो, तर दुसरीकडचा भूल देण्याच्या यंत्राची सकाळची तपासणी करून ठेवतो. नेमणूकपत्र पाच वर्षांपूर्वीचं असतं, काम मात्र दर वर्षी थोडं थोडं वाढत गेलेलं असतं. म्हणून हुद्द्यांची यादी घेऊन श्रेणी ठरवायला बसलात, तर जुनीच चूक नव्या कागदावर उतरते.

यावर मला सापडलेला सगळ्यांत भरवशाचा उपाय म्हणजे कामाची वही. प्रत्येक विभागात दोन आठवडे, रात्रपाळी आणि रविवार धरून, सहायकानं दिवसभरात काय केलं ते ओळीनं लिहायचं. ज्यांना लिहायला जड जातं, त्यांचं इन्चार्जनं विचारून लिहायचं. हे काम कार्यालयात बसून आठवणीवर करू नका. आठवणीत नेमकी रात्रपाळी राहत नाही, आणि सहायकाला सगळ्यांत जास्त स्वतःच्या बुद्धीनं वागावं लागतं ते रात्रीच.

वही भरली की प्रत्येक कामाला तीन प्रश्न विचारा. हे काम करताना निर्णय कोण घेतं? चूक झाली तर काय होतं? आणि ती चूक किती वेळात, कोणाच्या लक्षात येते?

फिजिओ विभागातलं उदाहरण घेऊ. शेकायची गरम पिशवी ठेवणं वरवर अगदी साधं काम. पण मधुमेहामुळे ज्याच्या पायाची संवेदना गेली आहे, त्याला पिशवी जास्त गरम झालेली कळतच नाही आणि कातडी भाजते. म्हणून संवेदना तपासणं आणि शेक द्यायचा की नाही हे ठरवणं फिजिओथेरपिस्टचं काम. पिशवीवर टॉवेलचे थर घालणं, पाच मिनिटांनी कातडी बघणं, लाली दिसली की थांबवून मॅडमना बोलावणं हे सहायकाचं. पक्षाघात झालेल्या रुग्णाला उठवताना लुळ्या हाताला धरून ओढायचं नाही, खांदा निखळू शकतो, हेही सहायकाला पक्कं माहीत असावं लागतं. या माणसाला 'अकुशल' म्हणणं वस्तुस्थितीला धरून नाही. पण त्याच्यावर 'आज व्यायाम वाढवायचा का' हे ठरवायची जबाबदारी टाकणंही तितकंच चूक आहे. श्रेणी या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असते, आणि ती नेमकी कुठे आहे ते वहीतूनच कळतं.

रुग्णाजवळ जो दिसत नाही, तो हलका समजणं

ही चूक माझी. सविस्तर सांगतो, कारण ती अनेक ठिकाणी अजून होते आहे.

एका रुग्णालयात मी पहिल्यांदा श्रेणी बसवल्या, तेव्हा गुणांचा एक तक्ता केला होता. शिक्षण, अनुभव, रुग्णाशी संपर्क, शारीरिक कष्ट अशा रकान्यांना गुण. दिसायला तक्ता नेटका होता. त्यात निर्जंतुकीकरण विभागातले, म्हणजे सीएसएसडीतले एक मामा सगळ्यांत खालच्या श्रेणीत गेले, बागेतल्या माळ्याच्या शेजारी. शिक्षण सातवी, रुग्णाशी संपर्क शून्य, अनुभव ११ वर्षं.

पत्र वाटून झाल्यावर मामा कार्यालयात आले. तक्रार केली नाही. त्यांनी टेबलावर त्यांचं रजिस्टर ठेवलं. ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं हत्यारं निर्जंतुक करणारं यंत्र. त्याच्या प्रत्येक फेरीची नोंद त्यात होती : वेळ, तापमान, दाब आणि फेरी नीट झाली की रंग बदलणारी पट्टी चिकटवलेली. एका पानावर लाल पेनानं रेघ मारलेली होती. त्या दिवशी पट्टीचा रंग पूर्ण बदलला नव्हता, म्हणून त्यांनी अख्खी फेरी परत पाठवली होती. ओटीची यादी दीड तास थांबली, सर्जन त्यांच्यावर ओरडले, पण मामांनी तो संच बाहेर सोडला नाही.

माझ्या तक्त्यात या निर्णयासाठी रकानाच नव्हता.

आता वरचे तीन प्रश्न त्यांच्या कामाला लावून बघा. निर्णय कोण घेतं? मामा, तेही एकटे. चूक झाली तर? एका फेरीतली हत्यारं पाच-सहा रुग्णांच्या पोटात, गुडघ्यात, डोळ्यात जातात. चूक कधी कळते? जखम चिघळली तर आठवड्यानं, आणि तेव्हाही दोष नेमका ऑटोक्लेव्हचा होता हे कळेलच असं नाही. फिजिओच्या सहायकाची चूक मॅडमना पाच मिनिटांत दिसते, मामांची चूक कोणालाच दिसत नाही. ज्या कामातली चूक उशिरा कळते किंवा कळतच नाही, ते काम वरच्या श्रेणीत जायला हवं. मी तक्ता मागे घेतला आणि 'रुग्णाशी संपर्क' हा रकाना काढून 'चूक लक्षात यायला लागणारा वेळ' हा रकाना घातला. मामांसह चार जण वर सरकले.

लॅबमध्ये रक्त घेणाऱ्या सहायकाचंही असंच. नळ्यांचा क्रम चुकला आणि ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीतला अंश दुसऱ्या नळीत गेला, तर पोटॅशियमचा आकडा खोटा वाढलेला येतो. कारण त्या नळीतलं रसायनच पोटॅशियमचं असतं. डॉक्टर समोरच्या कागदावर विश्वास ठेवून उपचार करतात. सुई टोचणं हे झालं हाताचं कसब. क्रम का पाळायचा हे माहीत असणं ही त्याच्या पुढची पायरी आहे, आणि पगार त्या पायरीचाही द्यायचा असतो.

सगळ्यांना 'टेक्निशियन' म्हणणं, किंवा कोणालाच न म्हणणं

राष्ट्रीय सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा २०२१ मध्ये झाला. त्यात सहयोगी आरोग्य व्यावसायिक कोण, याची व्याख्या आहे : किमान २,००० तासांचा, दोन ते चार वर्षांत पसरलेला पदविका किंवा पदवी अभ्यासक्रम केलेला माणूस. तंत्रज्ञ या व्याख्येत येतो. आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी, उदाहरणार्थ फिजिओथेरपिस्टसाठी, किमान ३,६०० तासांची पदवी लागते. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीसाठी महाराष्ट्रात स्वतंत्र राज्य परिषदही आहे.

याचा आपल्या कामाशी संबंध असा : सहा महिन्यांचं प्रमाणपत्र घेतलेल्या मुलीच्या ओळखपत्रावर 'टेक्निशियन' छापू नका. तिला बरं वाटतं, नातेवाइकांना भरवसा वाटतो, पण उद्या काही अघटित घडलं तर चौकशीत पहिला प्रश्न त्या ओळखपत्राचाच निघतो. आणि उत्तर तिला एकटीला द्यावं लागतं.

याच्या उलट प्रकार मला जास्त बोचतो. दोन वर्षांची डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञानाची पदविका) केलेल्या मुलाला 'लॅब असिस्टंट' म्हणून घ्यायचं, यंत्रं चालवायला लावायची, दर्जातपासणीच्या नोंदी त्याच्याकडून करून घ्यायच्या आणि पगार मात्र असिस्टंटचा द्यायचा. ही काटकसर म्हणता येणार नाही. त्या मुलाच्या दोन वर्षांच्या शिक्षणाचे पैसे आपण खिशात घालतो आहोत.

अनुभव आहे पण कागद नाही, अशा जुन्या माणसांचं काय करायचं, हा प्रश्न मग येतोच. जिथे कायद्यानं पात्रता ठरवून दिली आहे, तिथे अनुभवाची सूट नाही. एक्स-रे किंवा सीटी यंत्र चालवणाऱ्याची पात्रता अणुऊर्जा नियामक मंडळानं घातली आहे. तिथे 'वीस वर्षं करतोय' हे उत्तर चालत नाही. जिथे अशी अट नाही, तिथे वरिष्ठांसमोर प्रत्यक्ष काम करून दाखवायची चाचणी घ्या, तिची लेखी नोंद ठेवा आणि त्या नोंदीवर वरची श्रेणी द्या. पूर्वीच्या कामातून आलेलं कौशल्य मोजून प्रमाणपत्र देण्याची सोय केंद्राच्या कौशल्य योजनांमध्येही आहे. त्या प्रमाणपत्राचा खर्च रुग्णालयानं करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

किमान वेतनाचा तक्ता म्हणजे पगाराचा तक्ता नव्हे

महाराष्ट्रात किमान वेतन कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशा वर्गवारीनं आणि गाव कोणत्या परिमंडळात येतं त्यावरून ठरतं. रुग्णालयं त्यात आहेत. मूळ दरावर विशेष भत्ता असतो आणि तो जानेवारी व जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. पहिली चूक इथेच होते : जानेवारीचा बदल लावला जातो आणि जुलैचा विसरतो. दिनदर्शिकेत दोन्ही तारखा लाल करून ठेवा.

दुसरी चूक वर्गवारीची. ज्याला ठरावीक काम नेमून दिलं आहे आणि ज्याला थोडंबहुत तरी शिकवावं लागलं आहे, तो अकुशल नाही. कामाच्या वहीत यंत्र, मोजमाप, नोंद किंवा रुग्णाला हलवणं यांपैकी काही असेल, तर त्या माणसाला अकुशल रकान्यात ठेवण्याआधी दहा वेळा विचार करा. मी स्वतः सहायकांपैकी कोणालाही तिथे ठेवत नाही.

तिसरी चूक हळूहळू वाढते आणि तिच्यामुळेच जुनी माणसं सोडून जातात. समजा, एका श्रेणीत नवा माणूस किमान वेतनावर १३,००० रुपयांना लागला. सहा वर्षं काम केलेल्याला १४,५०० मिळतात. विशेष भत्त्यामुळे किमान वेतन दर सहा महिन्यांनी ३५० रुपयांनी वाढतं, म्हणजे वर्षाला ७००. रुग्णालयाची वार्षिक वाढ मात्र सरसकट ३०० रुपये. दोघांमधलं १,५०० रुपयांचं अंतर दर वर्षी ४०० रुपयांनी घटतं. चार वर्षं पुरी व्हायच्या आत दहा वर्षांचा अनुभवी आणि काल लागलेला मुलगा एकाच पगारावर येतात. कोणी मुद्दाम अन्याय केलेला नसतो, पण दहा वर्षं घासलेल्या माणसाला तो अन्यायच वाटतो, आणि त्याचं बरोबर असतं.

उपाय म्हणजे श्रेणींमधलं अंतर रुपयांत न ठेवता टक्क्यांत ठेवायचं. श्रेणी एक म्हणजे लागू किमान वेतनाच्या अमुक टक्के वर, श्रेणी दोन त्याहून इतके टक्के वर. खालचा आकडा हलला की वरचे सगळे आपोआप हलतात. हिशेबनीस सुरुवातीला नाराज होतात, कारण जुलैचाही खर्च अंदाजपत्रकात धरावा लागतो. तो धरायलाच हवा.

मावशींना मामांपेक्षा कमी

अनेक रुग्णालयांत 'वॉर्डबॉय' (मामा) आणि 'आया' (मावशी) ही दोन पदं आजही वेगळ्या दरानं भरली जातात. विचारलं तर उत्तर ठरलेलं : मामांना वजन उचलावं लागतं. मग अतिदक्षता विभागात दर दोन तासांनी रुग्णाला कुशीवर कोण वळवतं? बेशुद्ध माणसाची अंघोळ कोण घालतं? ७० किलोच्या देहाखालची ओली चादर कोण बदलतं? कामाची वही भरून घेतली तेव्हा एका विभागात मावशींच्या नावावर रुग्ण उचलण्या-वळवण्याच्या नोंदी मामांपेक्षा जास्त निघाल्या.

समान मोबदल्याचा कायदा १९७६ पासून देशात होता. नव्या वेतन संहितेनंही एकसारख्या किंवा त्याच प्रकारच्या कामासाठी लिंगावरून वेतनात भेद करायला मनाई केली आहे. दोन पदनामं ठेवून ही मनाई चुकवता येत नाही. दोन्ही पदं रद्द करून एकच 'रुग्णसेवा सहायक' पद करा. आणि समान करताना मावशींचा पगार वर न्या. मामांचा खाली आणू नका.

मूळ पगार लहान, भत्ते मोठे

चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. वेतन संहितेतल्या व्याख्येप्रमाणे घरभाडे, प्रवास वगैरे वेतनातून वगळलेल्या बाबींची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाली, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. उदाहरणार्थ एकूण २०,००० पैकी मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ८,०००, घरभाडे ८,००० आणि प्रवास ४,००० अशी मांडणी केली, तर वगळलेल्या बाबी १२,००० होतात. मर्यादा १०,००० ची. वरचे २,००० वेतनात येऊन वेतन १०,००० धरलं जातं आणि ग्रॅच्युइटीसारखे हिशेब त्यावर होतात. पीएफबाबत सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१९ मध्येच सांगितलं होतं की सरसकट सगळ्यांना मिळणारे भत्ते मूळ वेतनाचा भाग मानले जातील. तरीही अजून अशी पगारपत्रकं निघतात. सहायकांच्या पगारात मूळ पगार सरळ मोठा ठेवा. हातात थोडे पैसे कमी येतील, तेव्हा त्यांच्याशी बसून पीएफचा हिशेब समजावून सांगा.

इथेच ईएसआयचं (कर्मचारी राज्य विम्याचं) एक वळण आहे आणि तिथे चांगल्या हेतूनं वाट चुकते. ईएसआयची मर्यादा दरमहा २१,००० रुपयांची. २०,८०० वर असलेला डायलिसिसचा मुलगा वर्गणी देतो ०.७५ टक्के, म्हणजे १५६ रुपये, आणि त्यात त्याच्या कुटुंबाचा उपचार बसतो. त्याला आपण कौतुकानं ६०० रुपये वाढवून २१,४०० वर नेतो. चालू सहामाही संपेपर्यंत वर्गणी चालू राहते, मग ती थांबते आणि पुढे काही काळानं संरक्षणही थांबतं. ज्याच्यावर अवलंबून असलेल्या आईचं औषधपाणी त्यावर चाललेलं आहे, त्याच्यासाठी ही वाढ तोट्याची ठरते. मर्यादेजवळच्या माणसांची यादी आधी काढा. कोणाला वर न्यायचं असेल तर सामूहिक आरोग्यविमा त्या महिन्याच्या आधी तयार ठेवा आणि वाढ इतकी द्या की ओलांडल्याचं सार्थक होईल. 'मर्यादेखालीच ठेवू' हे उत्तर नाही. त्यानं माणूस तिथेच अडकतो.

सरकारी श्रेणीशी अर्धवट तुलना

'सरकारात तरी काय देतात?' हा प्रश्न विश्वस्तांच्या बैठकीत हमखास येतो. राज्याच्या सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात एस-१ या सगळ्यांत खालच्या वेतनस्तराची सुरुवात १५,००० पासून आणि एस-८ ची २५,५०० पासून होते. विश्वस्त हे आकडे आपल्या एकूण पगाराशी ताडून पाहतात. पण ते फक्त मूळ वेतन आहे. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, दर वर्षीची ठरलेली वाढ आणि नोकरीची हमी असते. तुलना करायचीच तर मूळ वेतनाची मूळ वेतनाशी करा.

आणि ११ महिन्यांचे करार. करार संपला, एक दिवसाचा खंड, पुन्हा करार, हा प्रकार मी नोकरीच्या सुरुवातीला निमूटपणे राबवला आहे. त्याची मला आजही खंत आहे. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१६ मध्ये जगजित सिंग प्रकरणात सरकारी तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना समान कामासाठी समान वेतनाचं तत्त्व लागू केलं. आता औद्योगिक संबंध संहितेत ठरावीक मुदतीच्या करारावरच्या कर्मचाऱ्याला तेच किंवा तशाच प्रकारचं काम करणाऱ्या कायम कर्मचाऱ्यापेक्षा कमी वेतन-भत्ते देता येत नाहीत, आणि वर्षभर सेवा झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क येतो. म्हणजे पैसे वाचवायला म्हणून केलेला करार आता पैसेही वाचवत नाही.

जोखमीची किंमत देऊन मोकळं होणं

जोखीम भत्ता द्यावा, पण संरक्षणाच्या बदल्यात नव्हे. डायलिसिस आणि लॅबमधल्या प्रत्येक सहायकाला कावीळ-बीच्या लसीचे तिन्ही डोस मिळाले का, कॅथलॅबमध्ये (जिथे क्ष-किरण लावून हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासतात) उभं राहणाऱ्या सहायकाला टीएलडी बॅज (अंगावर पडणारा किरणोत्सर्ग मोजणारा) आणि शिशाचा ॲप्रन आहे का, हे आधी पाहा. लस घेतलेली नाही आणि भत्ता चालू आहे, असं पगारपत्रक मी पाहिलं आहे.

नवी श्रेणी लागू करताना

श्रेणीनुसार वर्गीकरण बदलणं हा सेवाशर्तीतला बदल आहे. जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात तो नावानिशी होता, नव्या औद्योगिक संबंध संहितेच्या परिशिष्टातही आहे, आणि कामगाराचं नुकसान होणारा असा बदल करायचा तर २१ दिवसांची नोटीस लागते. सेवाभावी संस्थांच्या रुग्णालयांना ही संहिता कितपत लागू होते, हे वकिलाला विचारून घ्या. पण कायदा लागू असो वा नसो, लोकांना आधी सांगा. फलकावर मराठीत लावा, विभागवार बसून बोला, हरकतीसाठी मुदत द्या. हरकती ऐकणाऱ्या समितीत दोन सहायक घ्या, त्यात एक बाई असू द्या.

कोणाचं काम वहीतून खालच्या श्रेणीचं निघालं, तर त्याचा चालू पगार कापू नका. तो पगार त्याच्यापुरता राखा, पुढची वाढ हळू द्या आणि त्याला वर जायला कोणतं शिक्षण लागेल ते सांगा. पगार कापल्याची बातमी कॅन्टीनमध्ये एका तासात पोचते, आणि मग कितीही न्याय्य तक्ता असला तरी त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

तक्रार एक, दोष दुसरीकडे

तक्ता लागू झाल्यावरही कुरबुरी येतात. त्यांचं कारण बहुधा बोललं जातं त्याहून वेगळं असतं.

'ओटीत बदली नको' असं तीन-चार जण म्हणू लागले, तर ओटीची जबाबदारी जास्त आणि श्रेणी वॉर्डाइतकीच आहे का ते बघा. चांगली माणसं वर्ष-दीड वर्षातच सोडून जात असतील, तर सुरुवातीच्या पगारापेक्षा पुढची पायरी तपासा : दुसऱ्या वर्षी मी कुठे असेन, याचं उत्तर त्यांना मिळालेलं नसतं. जुने लोक सोडून जात असतील, तर वर सांगितलेलं आकसत जाणारं अंतर मोजा. फिजिओथेरपिस्ट सगळं स्वतःच करत असतील आणि सहायक नुसते उभे असतील, तर प्रश्न पगाराचा नाही. कोणतं काम सोपवायचं हे लिहिलेलं नाही, म्हणून त्या सोपवायला घाबरतात. आणि इन्चार्जच म्हणत असतील की 'माझ्या सगळ्यांना वरची श्रेणी द्या', तर त्यांना वही मागा. वहीत असेल तर द्या. मी दोनदा अशा मागणीला आधी नाही म्हटलं होतं, आणि वही वाचून दोनदा हो म्हटलं.

शेवटी पत्र. प्रत्येकाच्या हातात त्याच्या भाषेत, सहीशिक्क्याचं एक पान जायला हवं : पदनाम, श्रेणी, किमान वेतनाची वर्गवारी, मूळ पगार आणि भत्ते वेगवेगळे, कोणाच्या देखरेखीखाली काम, कोणती कामं स्वतः करायची, कोणती विचारल्याशिवाय करायची नाहीत, आणि पुढच्या श्रेणीसाठी काय लागेल व तपासणी कोणत्या महिन्यात. दोन प्रती काढायच्या, एक त्याच्या घरी राहील अशी. श्रेणी मागच्या तारखेपासून लागू असेल तर थकबाकीचा आकडा त्याच पानावर लिहायचा. सीएसएसडीतल्या मामांना दुसरं पत्र दिलं तेव्हा त्यांनी थकबाकीकडे नंतर पाहिलं. आधी 'स्वतः करायची कामं' या मथळ्याखालची ओळ त्यांनी बोट ठेवून वाचली : पट्टीचा रंग पूर्ण बदलला नसल्यास संपूर्ण फेरी रोखून ठेवणे.